घोट्याचा कृत्रिम सांधा किती वर्षे टिकतो?

प्रश्न : माझे वय ६१ आहे. २२ वर्षांपूर्वी माझा उजवा घोटा मोडला होता. हाड जुळले, पण गेल्या पाच-सहा वर्षांत सांधा इतका झिजला आहे की थोडे चालले तरी कळ येते. एक डॉक्टर सांधा बदलायला सांगतात, तर दुसरे तो कायमचा जोडून टाकावा असे म्हणतात. बदललेला सांधा ‘दहा वर्षे नक्की टिकेल’ या आश्वासनावर कितपत विसंबावे?

उत्तर : आधी ‘टिकेल’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यावा. सांधा टिकला अशी नोंद होते, तेव्हा त्याचे बसवलेले भाग काढावे किंवा बदलावे लागले नाहीत, एवढेच त्यातून कळते. रुग्णाची कळ थांबली का, तो जिना कसा उतरतो, हे त्या आकड्यात नसते. या अर्थाने पाहिले तर दहा वर्षांनंतर शंभरांपैकी साधारण ८० ते ९० घोटे शाबूत असतात आणि काही देशांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांत हे प्रमाण याहूनही कमी आढळले आहे. खुबा आणि गुडघा यांच्या बाबतीत ते ९५च्या आसपास असते. म्हणून शक्यता चांगली असली, तरी ‘नक्की’ हा शब्द कोणी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा फरक का पडतो, ते घोट्याच्या रचनेवरून कळते. शरीराचा सगळा भार पेलणारे टॅलस हे हाड लहान असते, त्याचा बराचसा पृष्ठभाग कूर्चेने, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत आवरणाने, झाकलेला असतो आणि त्याला होणारा रक्तपुरवठा बेताचाच असतो, त्यामुळे त्यावर बसवलेल्या धातूला पक्की पकड मिळणे अवघड जाते. १९७०च्या दशकातले पहिले सांधे सिमेंटने घट्ट बसवत. ते इतक्या लवकर सैल होऊ लागले की अनेक शल्यविशारदांनी ही शस्त्रक्रियाच सोडून दिली होती. आजचे सांधे बरेच सुधारलेले आहेत, तरी धातूच्या दोन भागांमधली पॉलिएथिलीन या प्लास्टिकची चकती झिजतेच. तिचे सूक्ष्म कण आसपासच्या हाडात उतरले की तिथे पोकळ्या तयार होऊ शकतात. अशी पोकळी वर्षानुवर्षे दुखत नाही, साध्या एक्स-रेमध्ये ती खऱ्या आकारापेक्षा लहान दिसते आणि सीटी स्कॅन केल्यावरच हाड किती पोखरले आहे ते समजते. म्हणूनच घोटा अजिबात दुखत नसतानाही ठरलेल्या मुदतीने तपासणीला जाणे आवश्यक असते. रुग्ण सर्वाधिक टाळाटाळ नेमकी इथेच करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता सांधा जोडण्याविषयी, म्हणजे त्यातली हाडे एकमेकांना कायमची जुळवून टाकण्याविषयी. त्यात हालचाल कायमची जाते, पण हाड नीट जुळले तर झिजण्यासारखे काही उरत नाही. मात्र घोट्याचे काम शेजारच्या सांध्यांवर पडते आणि काही वर्षांनी त्यांचीही झीज होऊ शकते. ब्रिटनमध्ये ५० ते ८५ वयाच्या सुमारे ३०० रुग्णांवर या दोन शस्त्रक्रियांची तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर दोन्ही गटांची चालण्या-उभे राहण्याची स्थिती सुधारली होती आणि दोहोंत ठळक फरक नव्हता. सांधा बदललेल्यांत जखम भरण्याच्या तक्रारी अधिक होत्या, तर जोडलेल्यांपैकी काहींचे हाड जुळलेच नाही. ही तुलना एका वर्षाची आहे. आपल्याला काळजी आहे ती पंधराव्या वर्षाची.

सांधा बदलल्याने घोटा पूर्वीसारखा वळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. शस्त्रक्रियेपूर्वी जेवढी हालचाल शिल्लक असते, तिच्यात थोडीच भर पडते. खरा लाभ वेदना कमी होण्याचा असतो. चालणे, पोहणे, सायकल चालवणे जमते, पण धावणे आणि उड्या मारणे टाळावे लागते. पुढे सांधा सैल झालाच, तर तो पुन्हा बदलता येतो किंवा हाडाचे कलम लावून जोडता येतो, मात्र ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कठीण असते.

पुढच्या भेटीत दोन्ही डॉक्टरांना विचारा की घोटा वाकडा झाला आहे का, टॅलसचे हाड पुरेसे भक्कम आहे का आणि वर्षाकाठी आपण अशा किती शस्त्रक्रिया करता. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा आपण धूम्रपान करत असाल, तर ते त्यांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा.