एएफएममधल्या पायऱ्या म्हणजे वाया गेलेला थर नव्हे

तुम्ही विचारलंय की एमबीईने (निर्वात चेंबरमध्ये अणूंचे झोत टाकून) वाढवलेल्या गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या स्फटिकी थरावर एएफएममध्ये (बारीक सुईने पृष्ठभागाचे चढउतार मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) पट्टे दिसतात, गाईड म्हणतात थर वाया गेला, तर सपाट थरासाठी तापमान किती ठेवू? तापमानाचं नंतर. थर वाया गेलेला नाही, गाईड चुकताहेत.

मी कोल्हापूरची, पीएच.डी. बाहेरगावी केली. दुसऱ्या वर्षी माझ्याही थरावर असेच पट्टे आले. सरांनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि सगळ्या ग्रुपसमोर म्हणाले, "नॉईज आहे, नाहीतर पॉलिशचे ओरखडे. टाकून दे." मी टाकला नाही. रात्री नमुना नव्वद अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन केला, तर पट्टेही नव्वद अंशांत फिरले! नॉईज असता तर स्कॅनच्या दिशेलाच चिकटून राहिला असता. मग पट्ट्यांना आडवा छेद देऊन उंचीचा आलेख काढला, तर पट्टे म्हणजे पायऱ्याच. प्रत्येक उतरण 0.28 नॅनोमीटरच्या आसपास. लॅटिस कॉन्स्टंट, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या घनाची बाजू, 0.565; त्याच्या निम्मी, म्हणजे गॅलियमचा एक आणि आर्सेनिकचा एक थर. ओरखडे कधी असे एका मापाचे पडतात का?

दोन पायऱ्यांत अंतर 160 नॅनोमीटर. मला गगनबावड्याकडची मामाची भातखाचरं आठवली. उभ्या उतारावर खाचर चिंचोळं, मंद उतारावर ऐसपैस. इथे बांधाची उंची अणूंनीच ठरवलेली, त्यामुळे रुंदी सगळी उतारावर. 0.28 ला वेफरच्या, म्हणजे थर ज्या चकतीवर वाढवतात तिच्या, कलाच्या टॅनने भागा: 0.1 अंशाला 160, 2 अंशांना जेमतेम 8. अचूक (001), म्हणजे त्या घनाच्या एका पृष्ठाला समांतर, म्हणून घेतलेल्या वेफरलाही कापताना एवढासा कल राहतोच. अणू पृष्ठभागावर फिरत फिरत पायरीच्या कडेला जाऊन बसत होते आणि पायऱ्या पुढे सरकत होत्या. बर्टन, काब्रेरा आणि फ्रँक यांनी 1951 सालीच हे मांडलंय. म्हणजे माझी वाढ चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चित्रं सरांपुढे ठेवली. त्यांनी विचारलं, "आरएमएस किती?" म्हणजे पृष्ठभागाच्या चढउतारांची सरासरी. म्हटलं, 0.1 नॅनोमीटर. "मग तेवढंच लिही, चित्र नको." थिसिसमध्ये चित्र गेलं नाही, ते मला आजही सलतं. कारण एकसारख्या पायऱ्यांचा आरएमएस म्हणजे उंची भागिले वर्गमूळ 12, इथे 0.08. रुंदी त्यात येतच नाही. पायरी 8 ची असो की 160 ची, आकडा तोच. सपाट पृष्ठभागाचा निम्मा भाग एका थराच्या बेटांनी झाकला तरी 0.14. वाढ कशी झाली हे ज्यातून कळतं तेच त्या एका आकड्यात हरवतं, आणि पेपरांत अजून तोच आकडा मिरवतात.

पायऱ्या बघायची लाज कसली? 1951 सालीच भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अजितराम वर्मांनी लंडन विद्यापीठात सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकांवरच्या सर्पिल पायऱ्या दाखवल्या आणि फ्रँकच्या स्क्रू डिसलोकेशनच्या (स्फटिकाचे थर जिन्यासारखे पिळले जाण्याच्या दोषाच्या) कल्पनेला डोळ्यांनी दिसणारा पुरावा मिळाला. आज 4एच या रचनेच्या सिलिकॉन कार्बाइडचे वेफर मुद्दाम 4 अंश तिरके कापतात, वरच्या थराने खालचीच रचना उचलावी म्हणून.

आता तापमान. माझा आकडा तुमच्या चेंबरला लागू पडणार नाही. वाढीचा वेग आणि आर्सेनिकचा दाब बदलला की तोही बदलतो. कडा सोडून मधेच बेटं दिसली तर थोडं वाढवा किंवा वेग कमी करा, एवढंच सांगते.

एक मात्र राहिलं. तुमची उतरण 0.28 च्या पाच-दहा पट निघाली, तर पायऱ्या एकमेकींत मिसळून गठ्ठे झालेत. मग गाईडचं म्हणणं खोडायला जाऊ नका. कडा दातेरी दिसल्या तर घाबरू नका, या पृष्ठभागावर एका दिशेच्या कडा सरळ आणि दुसऱ्या दिशेच्या दातेरी असतात.

पण आधी नमुना फिरवून स्कॅन करा, आणि दोन्ही चित्रं थिसिसमध्ये घाला. गाईड नको म्हणाले तरी परिशिष्टात घाला. मी घातली नाहीत.