गाडीवर उडालेला स्प्रेचा रंग: थिनरचा डबा उघडण्याआधी

तुमची अडचण मला समजली ती अशी. सोसायटीच्या गेटला आणि पार्किंगच्या ग्रिलला कॉम्प्रेसर लावून काळा ऑइल पेंट मारला. तुमची चार वर्षांची पांढरी गाडी तिथून बरीच लांब उभी होती, तरी बॉनेट, टप आणि डावी बाजू बारीक काळ्या ठिपक्यांनी भरली. धुतली तरी जात नाहीत आणि हात फिरवला की खरखर लागते. रंगारी म्हणतो थिनरने पुसा, गॅरेजवाला म्हणतो रबिंग मारून देतो.

आज तरी दोघांचंही ऐकू नका. ठिपके निघतील आणि बहुधा सगळे निघतील. पण ते ज्या क्रमाने काढायचे असतात त्यात थिनर आणि रबिंग सगळ्यात शेवटी येतात. थिनरचा तर शक्यतो नंबरच लागू द्यायचा नाही.

आधी हा रंग एवढ्या लांब आला कसा ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. साध्या कॉम्प्रेसरच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी जेमतेम 30 ते 40 टक्के रंग वस्तूवर बसतो. उरलेला हवेत धुरळा होऊन जातो, आणि ग्रिल म्हणजे निम्मी भोकंच, त्यामुळे तिथे वाया जाण्याचं प्रमाण आणखी वाढतं. वारा असेल तर हा धुरळा आरामात पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. गाडीवर पडताना तो थेंब किती ओला होता, यावर तो किती घट्ट बसणार हे ठरतं. स्प्रे कॅनमधला किंवा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग झटपट वाळतो. लांबवर पोचेपर्यंत त्याची जवळजवळ भुकटी झालेली असते आणि ती नुसती वर बसते. ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल, तसा नाही. तो हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश वाळतो, त्यामुळे गाडीवर पडतो तेव्हाही चिकटच असतो. हाताला काही तासांत कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला आठवडाभर किंवा जास्तच घेतो. म्हणून तुमच्या बाबतीत उशीर करण्यात तोटा आहे. पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंगला देऊ तेव्हा बघू, असं करू नका.

तिसरा प्रकार पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, कडक करणारं हार्डनर मिसळून मारतात तो. तो रासायनिक क्रियेने कडक होतो आणि एकदा बसला की साध्या द्रावणांना दाद देत नाही. त्यामुळे रंगाऱ्याकडे जाऊन डबा बघून या. तो सांगेल त्यावर विसंबू नका, डब्यावरचं वाचा. एकच डबा असेल आणि पातळ करायला टर्पेंटाइन वापरलं असेल तर इनॅमल. सोबत हार्डनरचा छोटा डबा असेल तर पीयू किंवा एपॉक्सी. आणि भिंतीचा पाण्यात कालवायचा एमल्शन असेल तर तुमचं नशीब चांगलं.

आता तुमच्या गाडीवर काय आहे ते. कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतं, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. गाडीची चमक त्याच्यामुळे, आणि उन्हापासून खालच्या रंगाचं रक्षणही तोच करतो. काळे ठिपके या क्लिअर कोटच्या वर बसलेत, आत शिरलेले नाहीत. रबिंग कंपाउंड काय करतं, तर ठिपका आणि क्लिअर कोट दोन्ही एकाच वेळी खातं. ठिपका उंच आणि कडक असतो, त्यामुळे तो पूर्ण जाईपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट विनाकारण झिजतो. कडांवर आणि बॉडीलाइनवर तो आधीच पातळ असतो, तिथे तर बेस कोट उघडा पडायला वेळ लागत नाही. गॅरेजवाल्याचं काम तासाभरात होईल, गाडी त्या दिवशी चकाकेलही. झिजलेला क्लिअर कोट मात्र परत येत नाही.

म्हणून ठिपका कातरून उचलायचा, आणि त्याला सगळ्यात चांगलं साधन म्हणजे क्ले बार. बॉडीशॉपमधला उडालेला रंग आणि लोखंडाचे कण काढण्यासाठीच ही वस्तू जपानमध्ये निघाली, पॉलिशवाल्यांनी ती नंतर उचलली. चिवट, मळता येणारा लगदा असतो आणि त्यात अतिशय बारीक अपघर्षक कण मिसळलेले असतात. ओल्या पृष्ठभागावरून तो घसरतो आणि वर आलेलं जे काही असेल ते कापून स्वतःत घेतो.

आधी गाडी नीट धुवा. सावलीत, बॉनेट गार असताना, कार शाम्पूने. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणारा मुलगा येत असेल तर त्याला काही दिवस सुट्टी द्या. या ठिपक्यांवर अडकलेली धूळ कोरडी घासली की गोल गोल चरे पडतात, आणि मग लोक दोष क्लेला देतात. धुतल्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून सगळ्या पॅनेलवरून हळू फिरवा. पिशवीतून खरखर कितीतरी जास्त स्पष्ट कळते. जिथे डोळ्यांना काही दिसत नाही तिथेही लागेल. अशा जागांवर स्केचपेनने खुणा करू नका, मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा.

क्ले फाइन किंवा मीडियम ग्रेडचा घ्या. हेवी ग्रेड घरी वापरायची वस्तू नाही. बारचा एक छोटा तुकडा तोडा, कोमट पाण्यात मऊ करून चपटा करा. एका वेळी हात दोन हात जागा घ्या आणि तिथे भरपूर ल्युब्रिकंट मारा. क्लेचं खास स्प्रे मिळतं, नसेल तर शाम्पूचं पाणी चालतं, पण बोअरचं पाणी नको. ते वाळलं की पांढरे डाग सोडतं आणि मग ते काढायला वेगळं काम. पिण्याचं फिल्टरचं पाणी बाटलीत भरून घ्या. क्ले बोटांच्या पेरांनी धरून सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, गोल नाही, आणि दाब देऊ नका. सुरुवातीला तो अडखळतो, बारीक आवाज येतो. हळूहळू आवाज बंद होतो आणि क्ले काचेवरून सरकल्यासारखा सरकायला लागतो, तेव्हा ती जागा झाली. दर थोड्या वेळाने क्ले उलटा करून बघा. काळा झाला असेल तर घडी घालून स्वच्छ भाग वर आणा. जमिनीवर पडलेला तुकडा मात्र सरळ कचऱ्यात. कितीही धुतला तरी एखादा वाळूचा कण आत राहतो आणि पूर्ण दरवाजावर रेघ ओढतो. म्हणूनच सुरुवातीला तुकडा तोडून घ्या म्हणालो, अख्खा बार फेकायची वेळ येत नाही.

टप आणि बॉनेट करायला अर्धा दिवस धरा. कंटाळा येतो हे खरं आहे. पण ताज्या इनॅमलचे बहुतेक ठिपके इथेच संपतात.

जे उरतील, म्हणजे टपावरचे थोडे मोठे थेंब, त्यांच्यासाठी द्रावण. इथे थिनर या एका नावाखाली काय काय विकलं जातं ते समजून घ्या. रंगाऱ्याकडचं टर्पेंटाइन सौम्य असतं आणि कारखान्यातल्या भट्टीत साधारण 140 अंशांना भाजलेल्या क्लिअर कोटला थोड्या वेळात काही करत नाही. एनसी थिनर मात्र वेगळा प्राणी आहे. त्यात टोल्युइन, ॲसिटोन वगैरे जहाल द्रावणं असतात. कंपनीच्या रंगावर तो चटकन पुसला तर वाचालही, पण एखादा पॅनेल आधी बाहेर रंगवलेला असेल तर रंगच फडक्यावर येईल. नेलपॉलिश रिमूव्हर आणि पेट्रोल हेही नकोच, पेट्रोल तर आगीच्या भीतीनेसुद्धा.

टर्पेंटाइन किंवा टार रिमूव्हर, म्हणजे डांबराचे डाग काढायचं द्रावण, मायक्रोफायबरच्या फडक्यावर घ्या, गाडीवर ओतू नका. आधी दाराच्या खालच्या कडेला, न दिसणाऱ्या जागी लावून अर्धा मिनिट थांबा आणि पुसा. फडक्यावर फक्त काळा रंग आला तर ठीक. गाडीचा रंग आला किंवा जागा मऊ, धुरकट झाली तर तिथेच थांबा, तो पॅनेल पुन्हा रंगवलेला आहे. पांढऱ्या गाडीला पांढऱ्या फडक्यावर हे कळत नाही, गडद फडकं घ्या. बंपर हा हमखास संशयित. जुनी गाडी घेतली असेल तर दाराच्या रबर बीडिंगखाली मास्किंगची रेघ शोधा. डिटेलिंगवाल्यांकडे, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्यांकडे, रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं, पत्र्यावर 200 मायक्रॉनच्या पुढे आकडा दिसला की तिथे कुणीतरी आधी काम केलेलं आहे असं समजा. चाचणी ठीक आली तर ठिपक्यावर फडकं थोडा वेळ नुसतं टेकवून ठेवा, मऊ पडू द्या, मग हलकेच पुसा आणि लगेच शाम्पूने धुवा. त्यानंतर पुन्हा क्ले. इनॅमल पूर्ण कडक झाला असेल तर टर्पेंटाइन त्याला विरघळवत नाही, फार तर थोडा सैल करतं. तेव्हा जोर लावून उपयोग नाही, क्लेच्या आणखी दोन फेऱ्या मारा.

एमल्शनवाल्यांसाठी एक वाक्य, कारण पावसाळ्याआधी सगळीकडे इमारती रंगतात आणि हाच प्रश्न येतो: ताजा असेल तर कोमट साबणपाण्यात भिजवून, वाळला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी मिसळून लावून, मग क्ले.

काचेचं काम सोपं. साबणपाणी मारून नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून एकाच दिशेने सरकवा. फक्त मागच्या काचेच्या आतल्या बाजूला ब्लेड नेऊ नका, तिथे डीफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून धुकं घालवणाऱ्या, तारा असतात. वायपरच्या रबरावरचा रंग पुसायला विसरलात तर पहिल्या पावसात तोच काचेवर ओढला जाईल.

हेडलाइट मात्र काचेचे नसतात. ते पॉलिकार्बोनेट आहे, त्याला ब्लेड नाही आणि थिनर तर मुळीच नाही. थिनर लागला की आत केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि नवीन हेडलाइटशिवाय इलाज उरत नाही. तिथे फक्त क्ले आणि भरपूर ल्युब्रिकंट. न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकवर, म्हणजे आरशाचा बुडखा, रूफ रेल, दाराखालची पट्टी, क्ले नको, तो त्या खरबरीत पोतात अडकून बसतो. मऊ ब्रश आणि ऑल पर्पज क्लीनरने घासा. तुमचा डाग काळा असल्याने तिथे दिसणारही नाही, तेवढंच बरं.

क्ले झाल्यावर उन्हात बघितलं तर पृष्ठभाग किंचित मंद वाटेल. पांढऱ्या गाडीवर कमी, काळ्या गाडीवर स्पष्ट. क्लेचे अगदी बारीक चरे असतात ते. फाइन पॉलिश हाताने किंवा ड्युअल ॲक्शन मशीनने मारलं की जातात. हे पॉलिश आणि गॅरेजचं करडं रबिंग यात खूप अंतर आहे. क्लेने जुनं वॅक्सही निघून गेलेलं असतं, तेव्हा शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावाच.

गाडीवर पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, असेल, रंग मॅट असेल किंवा उडालेला रंग पीयू निघाला तर घरी हात घालू नका, चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे न्या. त्याला पहिली पायरी काय करणार ते विचारा. उत्तर क्ले असेल तर बसा, वुलन पॅड आणि कंपाउंड असेल तर गाडी परत आणा.

खर्चाचं म्हणाल तर मी विम्याच्या वाटेला जाणार नाही. क्लेम केला तर नो क्लेम बोनस जातो, तो चार वर्षांच्या गाडीला चांगलाच जमलेला असतो. शिवाय रंगकामाच्या साहित्यावर निम्मी घट धरतात, ती झीरो डेप, म्हणजे घट न धरणारी पॉलिसी, नसेल तर खिशातून जाते. त्यापेक्षा काहीही पुसण्याआधी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा, ग्रिल आणि गाडी एकाच फ्रेममध्ये येईल असा एक फोटो घ्या, आणि सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. कंत्राटदाराचं शेवटचं बिल बहुतेक वेळा अजून द्यायचं असतं. तुमच्यासारख्या आणखी दोन-चार गाड्या निघतीलच, सगळ्यांनी मिळून एकाच डिटेलिंगवाल्याचं कोटेशन जोडलं तर त्या बिलातून कापून घेणं सोपं जातं.

आणि क्ले विकत आणण्याआधी रंगाऱ्याला विचारा, दुसरा हात मारायचा राहिलाय का. लोखंडाला ऑइल पेंटचे सहसा दोन हात देतात. राहिला असेल तर त्या दिवशी गाडी बाहेर रस्त्यावर लावा, आणि उरलेलं काम ब्रशने करायला सांगा.