वाचकांचे प्रश्न : ‘चाक’ बरोबर, मग ‘चार’ का चुकते?

प्रश्न : लिहिलेल्या मराठी शब्दाचा उच्चार सांगणारे छोटे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणक-प्रणाली) आम्ही तयार केले आहे. शब्द २,०००, उच्चार हाताने नोंदवलेले. चाचणीत ९६ टक्के उत्तरे बरोबर येतात, पण नवे शब्द दिले की च, ज, झ हमखास चुकतात. शब्द वाढवावेत का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी शब्दांची शिकवणी आणि चाचणी अशी विभागणी कशी केली, ते तपासा. ‘चाक’ शिकवणीच्या यादीत आणि ‘चाकाला’ चाचणीच्या यादीत असेल, तर नेटवर्कला नियम कळलेला नसतो, फक्त जुनी ओळख पटलेली असते. एका मूळ शब्दाची सगळी रूपे एकत्र बांधा आणि असे अख्खे गट वाटा : ८० टक्के शिकवणीला, १० जुळवणीला (शिकवताना मध्ये-मध्ये तपासून नेटवर्क सुधारायला), १० चाचणीला. शिवाय च, ज, झ असलेल्या शब्दांचे गुण वेगळे मोजा. बाकीचे सोपे शब्द ही चूक झाकून टाकतात. आकडा घसरेल, पण विश्वास त्याच्यावरच ठेवा.

‘माझा’मधला दंततालव्य (दातांजवळचा) झ ‘माझी’मध्ये तालव्य (टाळूजवळचा) होतो. पुढे इ-ई आली की हे घडते, म्हणून ते शिकता येते. ‘टोझा’ असा बनावट शब्द त्याच्या दंततालव्य उच्चारासह द्या आणि ‘टोझी’चा उच्चार विचारा; तालव्य आला, तर नियम कळला. भाषाअभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना असेच बनावट शब्द दिले होते. ‘चाक’ आणि ‘चार’ची गोष्ट मात्र निराळी. दोन्हींत च-पुढे आ, एकात दंततालव्य, दुसऱ्यात तालव्य. हा फरक लिपीत नाहीच, तेव्हा नेटवर्कला दोष देऊ नका. ‘चंद्र’, ‘चरण’ अशा तत्सम शब्दांवर खूण केल्यास मदत होते. ‘चार’सारख्यांची यादीच लागते.

अक्षरे कशी देता, तेही पाहा. संगणकात ‘कमळ’ म्हणजे तीन चिन्हे, अ कुठेच नाही. क्-अ-म्-अ-ळ्-अ असे फोडा आणि प्रत्येक अ राहतो की गळतो, हे विचारा. ‘कमळ’मध्ये शेवटचा गळतो, ‘कमळात’मध्ये म-मधलाही. म्हणजे पुढचे दिसायलाच हवे. इंग्रजी शब्दांचे उच्चार शिकणारे १९८७ चे नेटटॉक हे नेटवर्क एका वेळी ७ अक्षरे पाहायचे. फोडलेल्या मराठीत ७ तुकडे म्हणजे जेमतेम साडेतीन अक्षरे, त्यामुळे ११ तुकडे तरी ठेवा.

मग वेगवेगळ्या आरंभमूल्यांनी (शिकवणी सुरू होताना नेटवर्कमध्ये असलेल्या यादृच्छिक आकड्यांनी) पाच वेळा शिकवा. दर खेपेला च-वर्गाची उत्तरे बदलत असतील, तर शब्द खरोखरच कमी आहेत. वाढवायचे ते च, ज, झ असलेले नवे मूळ शब्दच, जुन्यांची रूपे नव्हेत.