नवीन घेतलेला जुना मॅसी १०३५ ट्रॅक्टर चालू होतो, पण न्यूट्रलला क्लच सोडला की बंद पडतो. गिअरबॉक्स उघडावा लागेल का?

दादा, बहुतेक वेळा एकाच वेळी दोन गिअर लागलेले असतात. गिअर लिव्हरचं खालचं टोक किंवा फोर्कची (गिअर सरकवणाऱ्या काट्याची) खाच झिजली की असं होतं. पण आधी खात्री करा.

हाय-लो लिव्हर (जास्त-कमी वेगाचा) मधोमध आणि पीटीओ (अवजाराला ताकद देणारा मागचा शाफ्ट) सुटा ठेवून क्लच हळू सोडा. तरीही इंजिन बंद पडलं तर दोष पुढच्या गिअरबॉक्समध्ये. नाही पडलं तर मागे बघा. इंजिन बंद करून, पुढच्या चाकांना दगड लावून मागची दोन्ही चाकं उचला. एक चाक हातानं फिरवल्यावर दुसरं उलटं फिरलं, तर डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे मागचे गिअर) बहुधा ठीक आहे. एखादं चाक हलतच नसेल तर ब्रेक धरलाय. खानापूर, जांबोटीकडं पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरांना हे नेहमीचंच.

मग खालचा ड्रेन प्लग थोडा सैल करा. आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर सगळं काढून टाका. त्यात पितळेचे कण चालतील, दातांचे तुकडे नाहीत. तुकडे निघाले तर मात्र ट्रॅक्टर मधून तोडावाच (सोडवून दोन भाग करावेच) लागेल, आणि ते निपाणी-बेळगावच्या जाणत्या मिस्त्रीचं काम.

तुकडे नसतील तर लिव्हरचं वरचं झाकण काढा. फोर्क पान्यानं सरकवून सगळ्या खाचा एका ओळीत आणा. बऱ्याचदा एवढ्यावरच अडकलेला गिअर सुटतो. तोवर कुणी कितीही सांगो, टोचन लावून ओढू नका.