कोण शिक्षक, कोण नर्स?

प्रश्न: सीमा, अमित आणि रफिक. यातलं एक शिक्षक, एक नर्स, एक सुतार. छंद बुद्धिबळ, ट्रेकिंग, बासरी. सीमा नर्सही नाही, सुतारही नाही, नर्सला ट्रेकिंग आवडतं, अमित बासरी वाजवतो. परीक्षेत असं कोडं आलं की माझा गोंधळच होतो, काय करू?

उत्तर: अहो, डोक्यात धरून बसू नका, कागदावर तक्ता काढा, आडवी नावं आणि उभे कामधंदे नि छंद, आणि जे नाही तिथे आधी फुली मारत जा. शक्यता ३६ असतात पण फुल्या पडल्या की भराभर गळतात. सीमाला दोन फुल्या, म्हणजे ती शिक्षकच. आता खरी गंमत, नर्सला ट्रेकिंग आवडतं आणि अमित तर बासरीवाला, म्हणजे अमित नर्स नाही, तो सुतार. राहिला रफिक, तोच नर्स आणि ट्रेकिंगवाला, आणि बुद्धिबळ सीमाचं. बरेचजण नर्स म्हटलं की बाईच असं धरून चालतात आणि तिथेच फसतात, दिलेलं नाही ते मनाने घालायचंच नाही. हात बसला की १९६२ मध्ये लाइफ इंटरनॅशनल या नियतकालिकात छापलेलं पाच घरांचं झेब्रा कोडं नक्की सोडवा, तक्ता तसाच, फक्त मोठा.