शिलकी अर्थसंकल्प, तरी बिले थकलेली?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेचा अर्थसंकल्प दरवर्षी शिलकी असतो, तरी ठेकेदारांची बिले महिनोन्‌महिने अडकतात. खरी आर्थिक स्थिती कशी ओळखावी?

उत्तर : अर्थसंकल्प हा अंदाज असतो आणि जमेची बाजू फुगवली की शिल्लक आपोआप दिसते. म्हणून लेखापरीक्षित ताळेबंद आणि जमा-खर्च पत्रक मिळवा. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी हिशेब ऑनलाइन खुले करण्याची अट घातली होती. शहरांचे हिशेब केंद्राच्या ‘सिटी फायनान्स’ संकेतस्थळावर असतात. तिथे नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा.

आधी आरंभीची शिल्लक, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला हाती असलेली रक्कम, फोडून पाहा. तिच्यात ठेकेदारांची अनामत आणि विशिष्ट कामासाठी आलेले अखर्चित अनुदान मिसळलेले असते. हा पैसा बँकेत दिसतो, पण पगाराला किंवा वीजबिलाला वापरता येत नाही. बहुतेक वाचक इथेच फसतात.

मग मालमत्ता कराची वसुली. समजा, मागील थकबाकी 3 कोटी, चालू मागणी (या वर्षाचा देय कर) 2 कोटी आणि एकूण वसुली 2 कोटी. ‘चालू मागणीच्या 100 टक्के’ असे छापता येते; पण एकूण मागणीवर ती 40 टक्केच भरते. थकबाकी आणि चालू वसुली वेगवेगळी मागा.

शेवटी स्वतःचे उत्पन्न (कर, शुल्क) भागिले एकूण महसुली उत्पन्न हे प्रमाण काढा; नगरपरिषद स्वतःच्या पायावर किती उभी आहे ते कळते. आणि न दिलेली बिले पाहा. रोखीच्या हिशेबात ही बिले दिसतच नाहीत, उपार्जित पद्धतीच्या (पैसे देण्याआधीच देणे नोंदवणाऱ्या) ताळेबंदात देण्यांच्या बाजूला सापडतात. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका, किमान तीन वर्षे शेजारी ठेवा.