प्लॅनवरच्या रिकाम्या चौकटी

इंदूर

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. संहिता निवडली, पात्रयोजना झाली, तालमीही सुरू झाल्या आणि आता पैसे कुठून आणावेत, असे तू विचारतेस. नेपथ्याचा आराखडा दोन पाने भरून लिहिला आहेस, पण हे नाटक पाहायला कोण येणार याबद्दल पत्रात एकही ओळ नाही. पैशांच्या प्रश्नाचे उत्तर त्या न लिहिलेल्या ओळीतच आहे, असे तीस-बत्तीस वर्षे नाटकाचे व्यवस्थापन केल्यावर माझे मत झाले आहे.

आपल्या गावाचेच उदाहरण घे. मुंबई-पुण्याचे नाटक इंदूरला आणायचे म्हणजे नेपथ्याचा ट्रक, कलाकार आणि तंत्रज्ञांचा प्रवास, राहणे, जेवणखाण हा सगळा खर्च एका प्रयोगाच्या तिकिटांतून कधीच निघत नाही. इथल्या ‘सानंद’ या मराठी संस्थेने यावर काढलेला तोडगा मला आजही हुशारीचा वाटतो. आधी वार्षिक सभासद जमवायचे, त्यांचे रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत आणि बहार असे पाच गट करायचे आणि शनिवार-रविवार मिळून एकाच नाटकाचे पाच प्रयोग लावायचे. ट्रक एकदाच येतो, नेपथ्य एकदाच उभे राहते आणि तो खर्च पाच प्रयोगांत वाटला जातो. नाटक ठरण्याआधीच खुर्चीवर बसणारा माणूस ठरलेला असतो, ही त्यातली खरी मेख आहे. तुमची मंडळी लहान आहे, एवढे सभासद तुम्हाला जमणार नाहीत हे मला ठाऊक आहे, पण हिशेब करण्याची ती रीत घेता येईल.

तुझ्या नाटकाचा हिशेब मी ढोबळ आकड्यांत मांडून पाहतो. समजा नेपथ्य, वेशभूषा, पार्श्वसंगीताचे ध्वनिमुद्रण आणि तालमीची जागा असा एकदाच होणारा खर्च १,२०,००० रुपये आहे. सभागृहाचे भाडे, प्रकाशयोजनेचे भाड्याचे सामान, ध्वनिव्यवस्था, टेम्पो, रंगभूषाकार, लेखकाचे मानधन, चहा-नाश्ता आणि छपाई मिळून दर प्रयोगाला ४५,००० रुपये लागतात. सभागृह ५०० खुर्च्यांचे आणि तिकीट २०० रुपयांचे आहे. आता हाउसफुल्लचा विचार मनातून काढून टाक आणि ३०० खुर्च्या भरतील असे धर. गल्ला ६०,००० होतो आणि प्रयोगामागे १५,००० हाती राहतात, म्हणजे निर्मितीचा खर्च भरून यायला आठ प्रयोग हवेत. स्थानिक मंडळींच्या नाटकाचे इंदुरात तीन प्रयोग झाले तरी खूप झाले. तीन प्रयोगांतून ४५,००० येतील आणि ७५,००० चा खड्डा उरेल. पैसे कुठून आणावेत, हा तुझा प्रश्न आता ७५,००० रुपये कुठून आणावेत इतका लहान झाला. खड्ड्याची खोली माहीत नसताना जो वर्गणी मागायला निघतो त्याला समोरचा माणूस पाचशे रुपये देऊन वाटेला लावतो. हा अपमान मी भोगलेला आहे.

तिकिटाचा दर ठरवताना इतकेच लक्षात ठेव की नाटकाच्या प्रवेशमूल्यावर दर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही. आपल्याकडे ती मर्यादा ओलांडण्याचा प्रसंग येणार नाही, पण देणगी-प्रवेशिका म्हणून हजाराचे तिकीट छापण्याआधी सनदी लेखापालाला विचारून घे.

खड्डा भरण्यासाठी सरकारी अनुदानावर विसंबू नकोस. त्यासाठी नोंदणीकृत संस्था हवी, लेखापरीक्षण झालेले हिशेब हवेत, आणि मंजूर झालेली रक्कमही हप्त्यांनी येते. शेवटचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावरच मिळतो. तोवर सुतार थांबत नाही. तरीसुद्धा मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली मंडळाची नोंदणी याच वर्षी करून टाका आणि बँकेत मंडळाच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडा, कारण तुझ्या व्यक्तिगत खात्यात पैसे टाकायला कोणताही समंजस देणगीदार तयार होणार नाही.

व्यापाऱ्याकडे जाताना ‘कलेला आश्रय द्या’ ही भाषा वापरू नकोस. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत राजाश्रयाने नाटक केले, पण १८५१ मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन गेले आणि नाटक मंडळीला तिकीट लावून गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये भावे मुंबईपर्यंत पोहोचले. आश्रयाची गोष्ट तेव्हाच संपली. नमकीनवाल्याला किंवा सराफाला तिकिटाच्या मागच्या बाजूला नाव, मध्यंतराआधी एक घोषणा आणि चांगल्या जागेवरच्या दहा खुर्च्या द्यायच्या, आणि त्या बदल्यात १०,००० रुपये मागायचे. असे तीन व्यापारी पुरेत. उरलेल्या ४५,००० साठी मला स्मृतिप्रयोगाची पद्धत अधिक आवडते. आपल्या मराठी घरांत नाटकवेड्या वडिलांच्या किंवा आजीच्या नावाने काही करण्याची इच्छा असते, पण काय करावे ते सुचत नाही. एक प्रयोग एका कुटुंबाच्या नावे करायचा, १५,००० रुपये घ्यायचे, प्रवेशद्वाराशी त्या व्यक्तीचा फोटो हार घालून ठेवायचा आणि कुटुंबाला एक संपूर्ण रांग द्यायची. ते कुटुंब स्वतःचे तीस-चाळीस नातेवाईक तिकीट काढून घेऊन येते, हा फायदा कोणत्याही पत्रकात मावत नाही.

आता माझी चूक सांगतो. पहिल्याच मोठ्या प्रयोगाला मी १४० मानार्थ प्रवेशिका वाटल्या. पहिल्या तीन रांगा पाहुण्यांसाठी दोरी बांधून राखल्या. तिसरी घंटा झाली तेव्हा त्या रांगांत मोजून अकरा माणसे होती आणि ज्यांनी पैसे देऊन तिकीट काढले होते ती मंडळी चौथ्या रांगेपासून मागे बसून रिकाम्या खुर्च्यांच्या पाठी पाहत होती. रंगमंचावरच्या नटाला तर समोर अंधाराऐवजी पोकळी दिसत होती. त्यानंतर एकूण खुर्च्यांच्या पाच टक्क्यांवर प्रवेशिका द्यायची नाही आणि दुसऱ्या घंटेला दोरी सोडायची, असा नियम मी घातला. नियमामुळे काही ओळखी दुरावल्या. दुरावू द्याव्यात.

तिकीटविक्रीविषयी तुझ्या पिढीला माझे म्हणणे जुनाट वाटेल. ऑनलाइन बुकिंग अवश्य ठेव, पण निम्मा प्लॅन, म्हणजे सभागृहातल्या खुर्च्यांचा नकाशा, स्वतःच्या हातात ठेव. आमच्या वेळी एका मिठाईच्या दुकानात काचेखाली प्लॅनचा कागद पसरलेला असे, विकलेल्या खुर्चीवर लाल पेन्सिलीची फुली, फोनवर राखलेल्या खुर्चीवर निळा टिंब. एकदा एक बाई आल्या, त्यांनी सहा तिकिटे मागितली आणि कडेच्याच खुर्च्या हव्यात म्हणून हट्ट धरला, कारण यजमानांचा गुडघा वाकत नव्हता. मी वहीत त्यांचे नाव, नंबर आणि शेजारी ‘गुडघा, कडेची खुर्ची’ एवढे लिहून ठेवले. पुढच्या नाटकाला विक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्यांना फोन केला की कडेच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. त्यांनी अकरा तिकिटे घेतली आणि पुढे त्यांच्या भिशीतल्या बायकाच माझ्या विक्रेत्या झाल्या. ती वही भरत भरत चारशे नावांपर्यंत गेली. चौकातल्या फलकापेक्षा ती मला कितीतरी स्वस्त पडली. तू वहीऐवजी मोबाइलमध्ये यादी कर, पण नावाशेजारी गुडघा लिहायला विसरू नकोस.

जाहिरातीचा मराठी मजकूर देवनागरीत असला म्हणजे मराठी मुले वाचतात असे नाही. इथल्या पुष्कळ घरांत मुले आजीचे मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या हिंदी मित्रमंडळींसाठी नाटकाचे कथासूत्र चार ओळींच्या हिंदीत वेगळे पाठव. तारीख निवडताना रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, दिवस आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीची, रात्र सोडून दे. त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूने कोणी घराबाहेर पडले तरी ते नाटकाला पोहोचत नाही. सभागृहाची पावती घेतलीस तरी पर्यायी तारीख मनात ठेव. माझा एक प्रयोग पाच दिवस आधी सरकारी कार्यक्रमासाठी रद्द झाला होता आणि भाडे परत मिळायला वर्ष गेले.

लेखकाची परवानगी लेखी घे. हौशी संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता प्रयोग केला तर स्वामित्वहक्क कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावले की ती सूट संपते. पुढे महाराष्ट्रात प्रयोग करायचा विचार असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे तिथल्या नाटकांच्या सेन्सॉरचे, प्रमाणपत्रही लागेल.

प्रयोगाच्या रात्रीचा व्यवहार तू स्वतः पाहा. तिकीट विकणारा आणि रोकड सांभाळणारा एकच माणूस नसावा. मध्यंतरात दारावर फाडून घेतलेली तिकिटांची अर्धुके मोजून गल्ल्याशी ताळा घ्यायचा, कारण नंतर टाळ्यांच्या धुंदीत कोणी मोजत नाही. नेपथ्य उतरवणारी मुले, प्रकाशयोजनेचा वायरमन आणि टेम्पोवाला यांची नाईट, म्हणजे त्या प्रयोगाची मजुरी, नाव घातलेल्या पाकिटांत आधीच भरून ठेव आणि टेम्पो सुटण्यापूर्वी त्यांच्या हातात दे. नटांचे मानधन दोन दिवस उशिरा गेले तर ते रुसतात आणि पुन्हा येतात. वायरमन पुन्हा येत नाही.

सोबत माझ्या जुन्या प्लॅनचा एक कोरा कागद पाठवतो आहे. त्याच्या झेरॉक्स काढ, तीन प्रयोगांचे तीन कागद कर आणि तालमीला येणाऱ्या प्रत्येकाला बसवून, आपल्या ओळखीचे नक्की कोण येणार त्यांची नावे चौकटींत पेन्सिलीने लिहून घे. ‘बहुतेक येतील’ अशी नावे नकोत. तिन्ही कागद मिळून तीनशे चौकटी भरल्या की मला फोन कर. सराफ्यातल्या दोघांकडे मी तुझ्याबरोबर येईन.

तुझा,
काका